पेंटाहोमधली 'अपडेट' स्टेप: टेबलातल्या नोंदी बिनचूक बदलण्याची क्रमवार पद्धत

पेंटाहो डेटा इंटिग्रेशन हे एकीकडचा डेटा वाचून, बदलून दुसरीकडे चढवण्याचे साधन. त्याच्या स्पून या आखणीच्या प्रोग्रॅममध्ये 'अपडेट' स्टेपची खिडकी साधी दिसते. वर कनेक्शन आणि टेबल, मधे की, खाली बदलायचे कॉलम. पण ट्रान्सफॉर्मेशन (एकमेकींना जोडलेल्या स्टेपांची साखळी) हिरव्या खुणेसह संपले, लॉगमध्ये एकही चूक नाही, आणि टेबलात मात्र एकही नोंद बदललेली नाही किंवा नको त्या हजारो बदलल्या, असे वारंवार घडते. बहुतेक वेळा खिडकी उघडण्याआधी ठरवायच्या गोष्टी खिडकी उघडल्यावर घाईत ठरवल्या जातात, म्हणून खालचा क्रम मोडू नका. पेंटाहोपासूनच निघालेले अपाची हॉप वापरत असाल तरी स्टेपची रचना जवळपास हीच आहे.

उदाहरण एका पतसंस्थेचे घेऊ. मध्यवर्ती डेटाबेसमध्ये 'सभासद' टेबल आहे. त्यात शाखा_कोड, सभासद_क्र, नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड आणि नोंदणी_दिनांक हे कॉलम आहेत. शाखांकडून बदललेले मोबाइल आणि पत्ते सीएसव्ही फाइलमध्ये येतात आणि ते या टेबलात चढवायचे आहेत.

## १. हीच स्टेप हवी का, ते आधी ठरवा

'अपडेट' फक्त असलेल्या नोंदी बदलते, नवी नोंद कधीही घालत नाही. फाइलमध्ये नवे सभासदही येणार असतील तर 'इन्सर्ट / अपडेट' घ्या. नुसत्या नव्या नोंदी असतील तर 'टेबल आउटपुट' पुरेसे आहे, आणि ते बरेच वेगवानही आहे. जुना पत्ता इतिहास म्हणून जपायचा असेल, तर यातले काहीच नको. त्यासाठी 'डायमेन्शन लुकअप / अपडेट' आहे.

"पुढेमागे लागेल" म्हणून सगळीकडे 'इन्सर्ट / अपडेट' टाकण्याची सवय वाईट. सभासद क्रमांक टाइप करताना एक अंक चुकला, तर 'अपडेट' ती नोंद सापडत नाही म्हणून सांगते. 'इन्सर्ट / अपडेट' त्याच चुकीच्या क्रमांकाचा नवा सभासद तयार करते. नवी नोंद घालण्याचा अधिकार ज्या फाइलला नाही, तिला तो देऊ नका.

## २. की पक्की करा

की म्हणजे ज्या कॉलमांवरून टेबलातली नेमकी एक नोंद सापडते ते कॉलम. आपल्या उदाहरणात सभासद_क्र एकटा पुरत नाही, कारण प्रत्येक शाखेत क्रमांक १ पासून सुरू होतो. शाखा_कोड आणि सभासद_क्र मिळून की होते.

खिडकी उघडण्याआधी डेटाबेसवर तीन तपासण्या करा.

पहिली: कीच्या कॉलमांवर गट पाडून मोजा. एकाही गटात एकाहून जास्त नोंदी नकोत. असल्या, तर स्टेप विचित्र वागते. लुकअप (कीवरून टेबलात घेतलेला शोध) पहिली सापडलेली नोंद उचलतो आणि तुलना तिच्याशीच करतो. ती फाइलशी जुळत असेल तर काहीच बदल होत नाही आणि दुसरी नोंद जुनीच राहते. जुळत नसेल तर अपडेट मात्र त्या कीच्या सगळ्या नोंदींवर चालतो.

दुसरी: कीच्या एखाद्या कॉलममध्ये नल (किंमतच नसणे) आहे का ते बघा. एसक्यूएलमध्ये नल कशाच्याही बरोबर नसतो, दुसऱ्या नलच्याही नाही. त्यामुळे '=' लावलेल्या कीत नल आला की नोंद कधीच सापडत नाही. 'इन्सर्ट / अपडेट'मध्ये तर अशी नोंद प्रत्येक वेळी नव्याने घातली जाते आणि रोज एक प्रत वाढते. नल टाळता येत नसेल, तर कम्पॅरेटरच्या (तुलनेच्या चिन्हांच्या) यादीतला '= ~नल' निवडा; तो दोन्हीकडे नल असल्यास जुळते असे मानतो. शक्य असेल तर कीच्या कॉलमांवर 'नॉट नल' बंधनच घाला.

तिसरी: कीच्या कॉलमांवर, त्याच जोडीचा, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे का? स्टेप येणाऱ्या प्रत्येक नोंदीसाठी एक शोध घेते. इंडेक्स नसेल तर प्रत्येक शोधात अख्खे टेबल वाचले जाते. "पेंटाहो फार हळू आहे" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच निघते. खिडकीतले 'एसक्यूएल' बटण इंडेक्स सुचवते, पण सुचवलेली ओळ वाचल्याशिवाय चालवू नका; टेबलात न सापडलेला कॉलम नव्याने जोडण्याची आज्ञाही त्यातच असू शकते.

सावधान: तारीख-वेळ असलेला कॉलम की म्हणून घेऊ नका. स्ट्रीममध्ये (स्टेपकडे येणाऱ्या ओळींत) मिलिसेकंद असतात, टेबलाच्या कॉलममध्ये नसतात, आणि डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन वेळा जुळत नाहीत.

## ३. येणारा डेटा स्टेपपर्यंत पोचण्याआधी स्वच्छ करा

प्रकार जुळवा. टेबलात पूर्णांक आणि स्ट्रीममध्ये स्ट्रिंग असेल, तर पोस्टग्रेस सरळ चूक दाखवतो. ओरॅकल मुकाट्याने प्रकार बदलून घेतो, आणि कॉलम अक्षरी पण येणारी किंमत अंकी असेल तर कॉलमवरचा साधा इंडेक्स निकामी होतो. 'सिलेक्ट व्हॅल्यूज' स्टेपच्या 'मेटा-डेटा' टॅबमध्ये प्रकार स्वतः ठरवा. लांबलचक क्रमांकांसाठी 'नंबर' प्रकार घेऊ नका. तो दशांशाचा तरंगता प्रकार आहे आणि १५-१६ अंकांच्या पुढे अचूक राहत नाही. पुढे शून्य असलेले कोड, उदाहरणार्थ शाखा कोड ००७, स्ट्रिंगच ठेवा. पूर्णांक केला की ७ उरतो आणि की तुटते.

एक्सेलचा फेरा तपासा. बारा किंवा जास्त अंकांची संख्या एक्सेल 'जनरल' फॉरमॅटमध्ये घातांकाच्या रूपात दाखवते, आणि सीएसव्ही म्हणून साठवताना जे दिसते तेच जाते. आधार किंवा महावितरणचा ग्राहक क्रमांक असे बारा अंकी आकडे यात हमखास सापडतात. शेवटचे अंक एकदा गेले की पेंटाहोत काहीही करून ते परत येत नाहीत. शाखेला सांगून तो कॉलम 'टेक्स्ट' करूनच पाठवायला लावा. देवनागरी नावे-पत्ते असतील तर साठवतानाच यूटीएफ-८ निवडायला सांगा आणि 'सीएसव्ही फाइल इनपुट'मध्येही तेच एन्कोडिंग द्या. नाहीतर पत्त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे चढतात आणि जुना चांगला पत्ता त्याखाली पुसला जातो.

मोकळ्या जागा काढा. 'स्ट्रिंग ऑपरेशन्स'मध्ये कीच्या आणि बदलायच्या अक्षरी फील्डना ट्रिम 'बोथ' लावा. टेबलातला कॉलम ठरावीक लांबीचा 'कॅर' असेल, तर बहुतेक डेटाबेस किंमत शेवटी जागा भरून परत देतात. मग तुलना दर वेळी 'वेगळे' म्हणते आणि काहीही बदललेले नसताना प्रत्येक नोंद पुन्हा लिहिली जाते.

एकाच कीच्या दोन ओळी गाळा. एका सभासदाने महिन्यात दोनदा मोबाइल बदलला तर फाइलमध्ये दोन ओळी येतात. आधी 'सॉर्ट रोज' लावा: शाखा_कोड चढता, सभासद_क्र चढता, बदलाची तारीख उतरती. मग 'युनिक रोज'मध्ये तुलनेसाठी फक्त कीची दोन फील्ड द्या. ही स्टेप लागोपाठच्या ओळीच ताडून पाहते आणि पहिली ठेवते, म्हणून क्रम लावणे सोडून चालत नाही.

रिकाम्या किमतींचे काय करायचे, ते ठरवा. सर्वात जास्त नुकसान इथे होते. शाखेने फक्त पत्ता भरून मोबाइलचा रकाना मोकळा सोडला, तर स्टेप मोबाइल नल करते. तिच्या दृष्टीने तुम्ही तेच सांगितले आहे. शिवाय पेंटाहो मूळ मांडणीत रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच मानते, त्यामुळे 'रिकामे म्हणजे बदल नाही' हे तिला आपोआप कळण्याचा मार्ग नाही. सरळ उपाय असा: 'डेटाबेस लुकअप'ने टेबलातला सध्याचा मोबाइल 'जुना_मोबाइल' नावाने आणा, 'कॅल्क्युलेटर'मध्ये 'एनव्हीएल' निवडून नवा असेल तर नवा, नसेल तर जुना असे 'अंतिम_मोबाइल' फील्ड बनवा आणि पुढे तेच वापरा. पत्ता आणि पिनकोड यांनाही हेच.

तपासा: शेवटच्या स्वच्छतेच्या स्टेपवर उजवे क्लिक करून 'आउटपुट फील्ड्स' पाहा. कीच्या फील्डचा प्रकार आणि लांबी टेबलाशी ताडा. 'सीएसव्ही फाइल इनपुट'मधले 'लेझी कन्व्हर्जन' जुळणी होईपर्यंत बंद ठेवा. ते चालू असताना चुकीची किंमत वाचताना न दिसता पुढच्याच कुठल्या तरी स्टेपमध्ये उघडी पडते.

## ४. खिडकी या क्रमाने भरा

(क) स्टेपला कामाचे नाव द्या, 'सभासद_पत्ता_बदल' असे. लॉगमध्ये 'अपडेट २' वाचून कुणाला काही कळत नाही.

(ख) कनेक्शनमध्ये सर्व्हर आणि डेटाबेसचे नाव व्हेरिएबलमधून येऊ द्या, आणि त्यांच्या किमती त्या-त्या मशीनच्या केटल (पेंटाहोचे जुने नाव) प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवा. म्हणजे चाचणीच्या मशीनवरून चुकून खऱ्या डेटाबेसवर हात पडत नाही.

(ग) 'टार्गेट स्कीमा' (डेटाबेसमधला टेबलांचा गट) रिकामा सोडू नका. एकाच नावाचे टेबल दोन स्कीमांत असले की कनेक्शनचा युजर ज्या स्कीमात उतरतो तिथले टेबल बदलते.

(घ) कीच्या तक्त्यात दोनच ओळी हव्यात:

- टेबल फील्ड शाखा_कोड, कम्पॅरेटर =, स्ट्रीम फील्ड १ शाखा_कोड
- टेबल फील्ड सभासद_क्र, कम्पॅरेटर =, स्ट्रीम फील्ड १ सभासद_क्र

'स्ट्रीम फील्ड २' फक्त 'बिटवीन'साठी आहे, तो रिकामाच राहील.

सावधान: 'गेट फील्ड्स' बटण स्ट्रीममधली सगळी फील्ड कीमध्ये ओतते. मग मोबाइल आणि पत्ताही की होतात, आणि स्टेप 'जिचा मोबाइल आधीच नवा आहे' अशी नोंद शोधू लागते. ती अर्थातच सापडत नाही. बटण दाबलेच, तर नको त्या ओळी लगेच काढा.

(च) खालच्या तक्त्यात बदलायचे कॉलमच ठेवा: मोबाइलसाठी अंतिम_मोबाइल, पत्त्यासाठी अंतिम_पत्ता, पिनकोडसाठी अंतिम_पिनकोड. 'गेट अपडेट फील्ड्स' इथेही सगळे भरते. की आणि नोंदणी_दिनांक हाताने काढा.

'इन्सर्ट / अपडेट' वापरत असाल तर नियम उलटा आहे. तिथे कीसुद्धा या तक्त्यात हवी, पण तिच्यापुढे 'अपडेट' रकान्यात 'एन'. नवी नोंद याच तक्त्यावरून घातली जाते, त्यामुळे की वगळली तर नवा सभासद क्रमांकाविना घातला जाईल किंवा 'नॉट नल'वर आपटेल. नोंदणी_दिनांकालाही 'एन' द्या. नव्या नोंदीत तो भरला जाईल, जुन्या नोंदीत हात लागणार नाही.

(छ) 'शेवटचा_बदल' असा वेळेचा कॉलम टेबलात असेल, तर तो या तक्त्यात घालू नका. लुकअप चालू असताना स्टेप प्रत्येक फील्डची जुन्या किमतीशी तुलना करते आणि फरक असेल तरच अपडेट पाठवते. आत्ताची वेळ दर वेळी वेगळीच असते. म्हणजे ती घातली की पन्नास हजारांपैकी पन्नास हजार नोंदी रोज 'बदललेल्या' ठरतात आणि खरा बदल कुठे झाला ते कधीच कळत नाही. ही वेळ डेटाबेसच्या ट्रिगरला भरू द्या. मायएसक्यूएलमध्ये कॉलमची 'ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्प' ही मांडणी हेच काम करते.

## ५. न सापडलेल्या नोंदींची वाट आखा

तीन पर्याय आहेत आणि ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

काहीच खूण न करता ठेवले, तर पहिली न सापडलेली नोंद येताच ट्रान्सफॉर्मेशन थांबते. तोवर कमिट (कायम) झालेले बदल मात्र टेबलात राहतात.

'इग्नोअर लुकअप फेल्युअर'वर खूण केली, तर न सापडलेली नोंद गुपचूप पुढे जाते. ही खूण करायचीच असेल तर शेजारच्या 'फ्लॅग फील्ड'मध्ये नाव द्या, उदाहरणार्थ 'सापडली', आणि पुढे 'फिल्टर रोज'ने नकारार्थी ओळी वेगळ्या काढा. फ्लॅग न देता केलेली ही खूण म्हणजे चुका झाकण्याची सोय.

तिसरा पर्याय 'एरर हँडलिंग', आणि आमच्या मते नेहमी हाच घ्यावा. खूण न करता स्टेपवर उजवे क्लिक करा, 'एरर हँडलिंग' निवडा, टार्गेट म्हणून 'नाकारलेल्या_नोंदी' टेबलावरचे 'टेबल आउटपुट' द्या आणि चुकीचे वर्णन, फील्ड, कोड यांना नावे द्या. न सापडलेल्या ओळी कारणासह तिथे जमतात आणि बाकीचे काम चालू राहते.

'स्किप लुकअप' ही खूण याच्या आड येते. ती केली की स्टेप आधी शोधत नाही, थेट अपडेटची आज्ञा पाठवते. वेग वाढतो, पण तुलना नाही, फ्लॅग नाही, न सापडल्याची खबर नाही.

सावधान: 'स्किप लुकअप' चालू असताना 'स्टेप मेट्रिक्स'मधला 'अपडेटेड'चा आकडा म्हणजे पाठवलेल्या आज्ञांची संख्या. टेबलात त्यातली एकही नोंद नसली तरी तो पूर्ण भरलेला दिसतो.

## ६. कमिट, बॅच आणि लॉक

'कमिट साइझ' मूळचा १०० असतो. नेहमीच्या कामाला ५०० ते १,००० ठीक. फार मोठा केला तर लॉक (बदल कायम होईपर्यंत नोंदीवर लागणारे कुलूप) लांबतात आणि मधेच पडझड झाल्यास बरेच काम उलटते. 'युज बॅच अपडेट्स' चालू केल्यावर आज्ञा गठ्ठ्याने जातात. मायएसक्यूएलवर याचा खरा फायदा हवा असेल तर कनेक्शनच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'रीराइट बॅच्ड स्टेटमेंट्स' हा पॅरामीटर 'ट्रू' करा. चूक नेमकी कुठल्या नोंदीत आहे हे शोधत असाल, तेव्हा बॅच बंद आणि कमिट साइझ १ ठेवा.

पेंटाहोत प्रत्येक स्टेप डेटाबेसशी स्वतःचे वेगळे कनेक्शन उघडते, आणि ट्रान्सफॉर्मेशनमधल्या सगळ्या स्टेप एकाच वेळी सुरू होतात. या दोन गोष्टी ध्यानात न घेतल्यामुळे तीन ठिकाणी काम अडकते.

एकाच टेबलावर लागोपाठ दोन 'अपडेट' स्टेप: पहिलीने बदललेली पण कमिट न झालेली नोंद दुसरीला हवी असते, म्हणून दुसरी थांबते. कमिट साइझ दोन स्टेपांमधल्या बफरपेक्षा लहान असेल तर पहिली पुढे जाऊन कमिट करते आणि गाडे सुटते. बफर मूळचा १०,००० ओळींचा असतो. कमिट साइझ ५०,००० ठेवला, तर बफर भरून पहिलीही थांबते आणि दोघी एकमेकींकडे बघत राहतात. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये मूळ मांडणीत ५० सेकंदांनी लॉकची मुदत संपल्याची चूक येते. शक्य तिथे दोन्ही बदल एकाच स्टेपमध्ये आणा.

'टेबल इनपुट'ने जे टेबल वाचतो तेच 'अपडेट'ने बदलणे: एसक्यूएल सर्व्हरवर वाचनाचे लॉक आड येऊ शकतात. मधे 'ब्लॉकिंग स्टेप' घाला, पण तिच्यातली 'पास ऑल रोज' ही खूण विसरू नका. ती नसेल तर फक्त शेवटची ओळ पुढे जाते.

स्टेपच्या प्रती वाढवणे: एकाच कीच्या ओळी दोन प्रतींत वाटल्या गेल्या तर कुठली शेवटी बसेल याचा नेम नाही, आणि डेडलॉकही होऊ शकतो. आधी इंडेक्स आणि बॅच पाहा. नोंदी काही लाखांच्या पुढे असतील, तर ओळीओळीने बदलण्याचा नादच सोडा. डेटा 'टेबल आउटपुट'ने स्टेजिंग (तात्पुरत्या) टेबलात भरा आणि जॉबमधल्या (ट्रान्सफॉर्मेशन व इतर कामे क्रमाने चालवणाऱ्या मांडणीतल्या) पुढच्या पायरीवर एकाच जोडलेल्या अपडेट आज्ञेने मुख्य टेबल बदला. ही आज्ञा त्याच ट्रान्सफॉर्मेशनमध्ये 'एक्झिक्युट एसक्यूएल स्क्रिप्ट' म्हणून ठेवू नका. प्रत्येक ओळीसाठी चालवण्याची खूण नसेल तर ती डेटा भरण्याआधीच, सुरुवातीच्या टप्प्यात चालून मोकळी होते.

## ७. चाचणी

चाचणी टेबलाच्या प्रतीवर करा. 'प्रीव्ह्यू' म्हणजे नुसते पाहणे नव्हे. त्यात ट्रान्सफॉर्मेशन खरोखर चालते आणि 'अपडेट' खरोखर लिहिते. नुसते पाहायचे असेल तर 'अपडेट'कडे जाणारा हॉप (दोन स्टेप जोडणारी रेघ) आधी बंद करा.

चाचणीची फाइल पाच ओळींची बनवा: एक खरा बदल, एक काहीही न बदलणारी, एक अस्तित्वात नसलेला सभासद, एक मोबाइल रिकामा असलेली, एक शाखा कोड ००७ची. चालवल्यावर प्रत्येकीचे काय झाले ते टेबलात जाऊन पाहा. मग तीच फाइल पुन्हा चालवा. दुसऱ्या वेळी 'अपडेटेड' शून्य यायला हवे. आले नाही, तर पायरी ३ मधली मोकळी जागा किंवा पायरी ४ मधली वेळ अजून कुठेतरी आहे.

अर्ध्याच ओळी पोचत असतील तर हॉप बघा. एका स्टेपमधून 'अपडेट' आणि लॉग फाइल असे दोन हॉप काढताना पेंटाहो 'कॉपी' की 'डिस्ट्रिब्यूट' असे विचारते. 'डिस्ट्रिब्यूट' निवडले तर ओळी आळीपाळीने वाटल्या जातात. इथे 'कॉपी' हवे.

## ८. रोजच्या जॉबमध्ये बसवताना

पहिल्या खऱ्या फेरीआधी की आणि बदलणारे तीन कॉलम एवढेच एका वेगळ्या टेबलात उतरवून ठेवा. परत फिरायची वेळ आली तर अख्खा बॅकअप उघडण्यापेक्षा हे लवकर होते.

सगळे किंवा काहीच नाही अशी गरज असेल, तर ट्रान्सफॉर्मेशनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मिसलेनियस' टॅबवर 'मेक द ट्रान्सफॉर्मेशन डेटाबेस ट्रान्झॅक्शनल' ही खूण करा. मग त्या डेटाबेससाठी एकच कनेक्शन वापरले जाते आणि कमिट शेवटी होतो. मात्र 'नाकारलेल्या_नोंदी' त्याच डेटाबेसमध्ये असतील, तर काम फसल्यावर त्याही उलटतात. त्या वेगळ्या डेटाबेसमध्ये किंवा फाइलमध्ये लिहा.

एरर हँडलिंगकडे गेलेल्या ओळींमुळे ट्रान्सफॉर्मेशन 'अयशस्वी' ठरत नाही. हजार ओळींपैकी हजार नाकारल्या गेल्या तरी जॉब हिरवाच दिसतो. म्हणून जॉबमध्ये ट्रान्सफॉर्मेशनआधी 'नाकारलेल्या_नोंदी' रिकामे करणारी पायरी ठेवा, आणि नंतर 'इव्हॅल्युएट रोज नंबर इन अ टेबल' ही एंट्री लावा. अट द्या: नोंदी शून्याहून जास्त. अट खरी ठरली तर त्या वाटेवर 'मेल' एंट्री, आणि मेलमध्ये शाखेचे नाव व फाइलचे नाव व्हेरिएबलमधून जाऊ द्या, म्हणजे ज्या शाखेची फाइल तिलाच दुसऱ्या दिवशी सकाळी विचारता येईल.